फलकावरचा कोळी आणि ढेकळाखालचा कोळी



आज सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच आहे, त्यामुळे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. गेल्या रब्बीच्या तोंडावर, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात उन्हाचा ताव वाढला आणि एका गावात वांगी-भेंडीची पाने पांढुरकी, ठिपकेदार दिसू लागली. लक्षण लाल कोळीचे होते. मी ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहिले, "कोळीचा प्रादुर्भाव दिसत आहे. शिफारस केलेल्या कोळीनाशकाची फवारणी करावी." खाली सही केली आणि पुढच्या गावाला निघून गेलो.

चार-पाच दिवसांनी परत त्या गावात गेलो, तर पारावर एक वयस्कर शेतकरी भेटले. मोठ्या समाधानाने म्हणाले, "साहेब, तुमच्या सांगण्यावरून कालच औषध मारलं. मोप कोळी मेले. धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत सडा पडला हाय."

मी विचारले, "काका, वांगं किती आहे तुमच्याकडं?"

"वांगं कुठचं, साहेब? माझा तं हरभरा हाय."

त्यांच्यासोबत वावरात गेलो. हरभरा नुकताच वर आलेला. ओळींच्या मधे, ढेकळांच्या आडोशाला, काळे-तपकिरी कोळी पाय पोटाशी आखडून मरून पडले होते. काकांनी आधी ढेकळे उलटवताना हे कोळी पळताना पाहिले होते. फलकावरचा मजकूर आठवला. दुकानात जाऊन "कोळीवरचं औषध द्या" म्हणाले. पीक कोणते, कीड पानावर आहे की जमिनीवर, हे दुकानदाराने विचारले नाही आणि काकांनी सांगितले नाही. कोळीनाशक मिळाले आणि "जोडीला" सायपरमेथ्रीनची बाटलीही मिळाली. पैसे गेले, एक दिवसाची मजुरी गेली, आणि वावरातले फुकटचे राखणदारही गेले.

इथे कुणी कुणाला जाणूनबुजून फसवले नाही. फसवले ते एका शब्दाने, आणि तो शब्द अर्धवट लिहिणारा मी होतो. म्हणून आजचा हा लेख.

एक नाव, दोन जीव

आपल्या मराठीत "कोळी" हा शब्द दोन अगदी वेगळ्या जीवांसाठी वापरला जातो. एक तो, जो घराच्या आढ्याला जाळे विणतो किंवा वावरात ढेकळाखाली राहतो. दुसरा तो, जो पानाचा रस शोषतो आणि ज्याला आपण लाल कोळी म्हणतो. दोघांनाही आठ पाय असतात म्हणून नाव एक पडले असेल. पण पहिला शिकारी आहे आणि दुसरा पिकाची कीड. राखणदार आणि चोर या दोघांना एकाच नावाने हाक मारली, तर काठी कुणाच्या पाठीत बसेल याचा नेम नाही.

लाल कोळी इतकी बारीक असते की नुसत्या डोळ्यांना ती ठिपक्यासारखी दिसते. लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तिचे अंग एकसंध असते, डोके वेगळे, पोट वेगळे असे दिसत नाही. ती पानाच्या खालच्या बाजूला राहते, बारीक जाळी धरते, आणि तिने रस शोषल्यावर पानावर पांढरे-पिवळे ठिपके पडतात. ओळखायची सोपी रीत अशी : पानाखाली पांढरा कागद धरा आणि पानावर टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले, तर ती कीड.

शिकारी कोळी मात्र डोळ्यांना सरळ दिसतो. त्याच्या अंगाचे दोन भाग असतात आणि मधे बारीक कंबर असते. पुढच्या भागाला आठ पाय आणि डोळे, मागच्या भागात पोट, आणि पोटाच्या टोकाला धागा काढणाऱ्या नळ्या. मुंगी, भुंगेरे, तुडतुडे यांसारख्या कीटकांना सहा पाय आणि डोक्यावर मिशा असतात. कोळ्याला मिशा नसतात आणि पंखही नसतात. तेव्हा शास्त्राप्रमाणे तो कीटकसुद्धा नाही. आपण त्याला "मित्रकीटक" म्हणतो ते सवयीने. म्हणा खुशाल, पण मित्र म्हणतो आहोत एवढे ध्यानात ठेवा.

दुसरी साधी खूण म्हणजे जागा. पिकाचा रस पिणारी कीड पिकावर सापडणार. जो कोळी जमिनीवर पळतो, ढेकळाखाली दडतो, त्याला तुमच्या पिकाच्या पानाशी काही देणेघेणे नाही. तो पाला खात नाही, मुळे कुरतडत नाही, बियाणे उकरत नाही. तो शिकारीच्या शोधात असतो.

ढेकळाखाली कोण राहतो?

आपल्या काळ्या मातीच्या वावरात जमिनीवर राहणारे कोळी अनेक प्रकारचे आहेत. सगळ्यांची नावे पाठ करायची गरज नाही. तीन ओळखता आले तरी पुष्कळ काम होते.

पहिला म्हणजे खरा भुई-कोळी. शास्त्रात या कुळाला ग्नॅफोसिडी म्हणतात आणि जगभरात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. रंग बहुधा काळा, तपकिरी किंवा उंदरासारखा करडा. अंग थोडे चपटे, त्यामुळे भेगेत, दगडाखाली, वाळल्या पानाच्या गुंडाळीत सहज शिरतो. आकार ज्वारीच्या दाण्याएवढ्यापासून बोटाच्या अर्ध्या पेराएवढा. त्याची खास खूण मागच्या टोकाला आहे. धागा काढणाऱ्या पुढच्या दोन नळ्या लांबट, गोल आणि एकमेकींपासून जरा अंतर ठेवून बाहेर डोकावतात. दोनाळी बंदुकीच्या नळ्यांमधे फट ठेवावी तशा. शाळेतले भिंग मिळाले तर डोळेही बघा. आठ डोळे दोन ओळींत असतात आणि मागच्या ओळीतले मधले दोन बऱ्याच जातींत तिरपे, लांबट आणि चांदीच्या टिकलीसारखे चमकदार असतात.

हा भुई-कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाही. दिवसभर रेशमाच्या एका छोट्या पिशवीत झोपून राहतो आणि अंधार पडला की पायी गस्तीला निघतो. ढेकूळ उचलल्यावर मातीला चिकटलेली पांढरी, पातळ पिशवी दिसली तर समजा, ही याची खोली.

दुसरा म्हणजे लांडगा कोळी. नाव इंग्रजीतून आले आहे, पण स्वभावाला शोभते. हा पाठलाग करून किंवा दबा धरून शिकार करतो. रंग मातकट, पाठीवर फिक्कट पट्टे, चाल वेगवान. दिवसाही दिसतो. डोळ्यांची मांडणी चार-दोन-दोन अशी असते : खाली चार बारीक, त्यांच्यावर दोन मोठे, आणि मागे आणखी दोन. रात्री बॅटरी कपाळाजवळ धरून वावरात नजर टाका. जमिनीवर दवासारखे हिरवट ठिपके चमकतील. जवळ गेल्यावर ठिपका सरकला, तर तो लांडगा कोळ्याचा डोळा.

तिसरा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे, फक्त त्याच्याकडे लक्ष दिलेले नाही. पहाटे दव पडले की धुऱ्यावरच्या गवतात रुमाल वाळत घातल्यासारखी जाळी दिसतात. त्यांच्या एका कडेला नरसाळ्यासारखे भोक असते. त्या भोकाच्या तोंडाशी जो बसलेला असतो तो लांडगा कोळ्याच्याच कुळातला, हिप्पासा नावाचा. त्याच्या जाळ्याला फारसा चिकटपणा नसतो. किडा वर पडला की जाळे हलते आणि हा धावत येऊन त्याला धरतो.

याशिवाय काही भागांत धुऱ्याच्या बिळात मोठा, केसाळ कोळी राहतो. त्याच्या बिळात काडी घालू नका, एवढेच सांगतो. त्याला त्याच्या घरी राहू द्या.

या विषयावर आपल्या देशात चांगले काम झालेले आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे बी. के. टिकादर यांनी १९८२ साली भुई-कोळ्यांच्या कुळावर सविस्तर खंड लिहिला आणि १९८७ मध्ये भारतीय कोळ्यांची हस्तपुस्तिका काढली. पण ही पुस्तके इंग्रजीत आणि अभ्यासकांसाठी. गावच्या फलकापर्यंत ती पोहोचली नाहीत. मी कृषी पदविका घेतली तेव्हा किडींची नावे, त्यांच्या अवस्था, औषधांच्या मात्रा घोकून घोकून पाठ केल्या. कोळ्याविषयी मात्र "नैसर्गिक शत्रू : ढालकिडा, क्रायसोपा, कोळी इ." यापुढे एक ओळ वाचल्याचे आठवत नाही. त्या "इत्यादी"च्या शेजारी बसलेला हा जीव मला निंदणाऱ्या बायकांनी शिकवला.

एका वावरात निंदण चालू होते. एकीने कोळी पाहून विळा उगारला. कोळ्याचे पोट विचित्र, खरखरीत, फुगलेले दिसत होते. तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "लेकुरवाळी हाय ते, मारू नोका." मी वाकून पाहिले. पाठीवर बारीक पिल्लांचा थर होता, एकाला एक लागून. मला जे पुस्तकाने दाखवले नव्हते ते आजीला माहीत होते.

जन्म, बाळंतपण आणि भूक

लांडगा कोळ्याची मादी अंड्यांची गोल गाठोडी करते आणि ती मागच्या नळ्यांना चिकटवून जिथे जाईल तिथे ओढत नेते. पिल्ले निघाली की ती आईच्या पाठीवर चढतात आणि काही दिवस तिथेच राहतात. मग आपापल्या वाटेने जातात. म्हणजे अशी एक मादी मेली तर एक कोळी मेला असा हिशेब करू नका. अख्खे कुटुंब गेले.

भुई-कोळ्याची मादी गाठोडी ओढत फिरत नाही. ती दगडाखाली किंवा ढेकळाच्या पोटात चपटी, कागदासारखी पुडी चिकटवते आणि बऱ्याच जातींत तिच्याजवळ राखण करीत बसते. अंगावर पांढरी किंवा गुलाबीसर टिकली चिकटवल्यासारखी ती पुडी दिसते. काही जातींत नर तर असा धूर्त की वयात न आलेल्या मादीला रेशमी खोलीत आपल्याजवळ ठेवतो आणि तिची शेवटची कात पडेपर्यंत वाट पाहतो.

कोळी वाढताना साप टाकतो तशी कात टाकतो. ढेकळाखाली पोकळ, पारदर्शक कोळी सापडला तर तो मेलेला नाही, ती कात आहे. नर ओळखायचा असेल तर तोंडाजवळच्या दोन आखूड पायांसारख्या अवयवांची टोके बघा. नराची टोके फुगीर असतात, मुठीत गोळा धरल्यासारखी. आणि मेलेल्या कोळ्याचे पाय आखडतात त्याचेही कारण आहे. पाय वाकवायला त्याच्याकडे स्नायू असतात, पण मुख्य सांधे सरळ करायला तो अंगातल्या द्रवाचा दाब वापरतो. जीव गेला, दाब गेला, की पाय आत ओढले जातात. काकांच्या हरभऱ्यात सगळे तसेच पडले होते.

खाण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. कोळी भक्ष्याला दात टोचून विष सोडतो, वरून पाचक रस ओततो आणि पातळ झालेले शोषून घेतो. खायला मिळाले नाही तर आठवडेच्या आठवडे तग धरतो. म्हणूनच पीक उभे राहण्याआधीही तो वावरात आणि धुऱ्यावर टिकून असतो, आणि कीड यायच्या आधीपासून गस्त घालतो. भुई-कोळ्याच्या त्या दोन नळ्यांचे गुपितही आता कळले आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की काही भुई-कोळी त्या नळ्यांतून चिकटपट्टीसारखा धागा काढतात, भक्ष्याभोवती पळत त्याचे पाय आणि तोंड जखडतात आणि मगच चावा घेतात. त्यामुळे स्वतःइतक्याच मोठ्या कोळ्यालासुद्धा ते लोळवतात.

कोळी काय करू शकतो आणि काय नाही

इथे मला कोळ्याचा वकील व्हायचे नाही. जे आहे तेच सांगतो.

जमिनीवरचा कोळी तुडतुडे, लहान अळ्या, पतंग, रातकिड्यांची पिल्ले, असे जे आवाक्यात येईल ते खातो. त्यात मुंग्या आल्या, दुसरे कोळी आले आणि कधी एखादा उपयोगी किडाही आला. शत्रू-मित्र असा भेद त्याला कळत नाही. बोंडात शिरलेली गुलाबी बोंडअळी त्याला सापडणार नाही. घाट्यात डोके खुपसलेली घाटेअळी तो ओढून काढणार नाही. किडीचा मोठा लोंढा आला तर एकटा कोळी तो थोपवील असे मी म्हणत नाही. काकांच्या हरभऱ्यावर पुढे घाटेअळी आली ती कोळी मेल्यामुळेच आली, असेही छातीठोकपणे सांगणार नाही. ती शेजारच्या वावरातही होती.

पण कोळ्याचे काम लोंढा थोपवणे नसून लोंढा होऊ न देणे आहे. याचा सर्वांत चांगला पुरावा भाताच्या शेतीतून येतो. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९८७ साली शेतकऱ्यांसाठी मित्रजीवांवर एक पुस्तिका काढली. भातातला लांडगा कोळी दिवसाला ५ ते १५ किडी फस्त करतो आणि मादी तीन-चार महिन्यांच्या आयुष्यात २०० ते ४०० अंडी घालते, असे तिच्यात दिले आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या धान उत्पादकांना हा कोळी परका नाही. बांधीत पाण्यावरून पळणारा तो हाच.

त्याच काळात इंडोनेशियात काय घडले तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. तिथे भातावर तपकिरी तुडतुडे फवारणी वाढवूनही आटोक्यात येईनात. उलट जिथे फवारणी जास्त तिथे तुडतुडे जास्त. कारण औषधाने आधी कोळी आणि इतर शिकारी मरत होते, आणि तुडतुड्यांची पुढची पिढी बिनधोक वाढत होती. शेवटी १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढे औषधांवरचे अनुदानही काढून घेतले. एवढा मोठा निर्णय घेताना ज्या जीवांचा विचार झाला, त्यांत हा कोळी होता.

आपल्याकडे तर आणखी एक गंमत आहे, आणि ती कडू आहे. सायपरमेथ्रीनच्या गटातली औषधे वारंवार मारली की लाल कोळी कमी होण्याऐवजी वाढते, हे सर्वत्र पाहिले गेले आहे. कारण तिला खाणारे मरतात आणि ती उरते. म्हणजे फलक वाचून कोळी मारायला जावे, चांगला कोळी मारावा आणि वाईट कोळी वाढवून घरी यावे!

भीती आणि खरा धोका

"कोळी चावला तर?" हा प्रश्न प्रत्येक शेतीशाळेत येतो. वावरातला भुई-कोळी माणसाला पाहून पळतो. कपड्यात किंवा हाताखाली दाबला गेला तर चावू शकतो. थोडी आग, थोडी सूज येते. जागा साबणाने धुवा, गार पाण्याची घडी ठेवा. सूज वाढली किंवा ताप आला तर दवाखान्यात जा. यापलीकडे त्याचा बाऊ करू नका.

रात्री अंगावर कोळी फिरला म्हणून फोड आले, अशी तक्रार पावसाळ्यात पुष्कळ ऐकू येते. त्यातला बराच दोष कोळ्याचा नसतो. दिव्यावर येणारा, मुंगीसारखा लांबट, काळा-नारिंगी पट्ट्यांचा एक किडा असतो. अंगावर बसलेला असताना तो चिरडला की त्याच्यातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते. पाय मोजा, सहा भरतील. तो अंगावर चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि जागा साबणाने धुवा.

आणि ही गोष्ट तर अधोरेखित करून ठेवा. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री काहीतरी चावले, खूण दिसत नाही, दुखत नाही, म्हणून घरचे "कोळी चावला असेल, झोप" म्हणतात. मण्यार सापाचा दंश असाच असतो. दुखत नाही, सुजत नाही. थोड्या वेळाने पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते, श्वास लागतो. अशा वेळी कोळ्यावर नाव ढकलून सकाळची वाट पाहू नका. मांत्रिकाकडे नव्हे, थेट दवाखान्यात न्या. जीव वाचतो तो लवकर मिळालेल्या प्रतिविषाने आणि श्वासाला वेळेत मिळालेल्या आधाराने.

खऱ्या धोक्याचे बोलायचे तर तो पंपात असतो. २०१७च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल व्हावे लागले. ते दिवस आपण कुणीच विसरलेलो नाही. कोळ्याच्या चाव्याने आपल्या भागात माणूस गेल्याचे मी कधी ऐकले नाही. फवारणीने गेलेली माणसे मात्र आपल्या ओळखीची होती. गरज नसताना केलेली प्रत्येक फवारणी पिशवीतून पैसा नेते आणि सोबत हा धोका घरी आणते. तेव्हा कोळी ओळखणे ही नुसती हौस नाही.

मग करायचे काय?

पंप खांद्यावर घेण्याआधी वावरात दहा ठिकाणी थांबा. प्रत्येक ठिकाणी हातभर जागेतली ढेकळे, पाला उलटून बघा आणि आजूबाजूच्या दोन-चार झाडांवरची कीड मोजा. डाव्या हाताला किडी, उजव्या हाताला कोळी आणि इतर मित्रजीव, असे कागदावर लिहा. हैदराबादची राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था साधारण नियम असा सांगते : दोन किडींमागे एक मित्र असेल तर फवारणी थांबवून नजर ठेवावी. हा ढोबळ नियम आहे. पीक, कीड आणि आर्थिक नुकसानीची पातळी बघून निर्णय घ्यायचाच आहे. पण निदान निर्णय बघून होईल, घाबरून नको.

रात्रीच्या कोळ्यांची मोजदाद करायची असेल तर प्लॅस्टिकचा पेला जमिनीत पुरा. काठ मातीच्या पातळीला आणा, आत दोन वाळली पाने टाका, वरून चार खड्यांवर कौल ठेवा. भल्या पहाटे जाऊन बघा, मोजा आणि सोडून द्या. पोरांना सोबत न्या. मोठ्यांपेक्षा त्यांची नजर बारीक असते.

फवारणी करावीच लागली तर सुरुवात निंबोळी अर्कासारख्या सौम्य उपायाने करा. पिकाच्या कोवळ्या वयात सायपरमेथ्रीनसारखे सरसकट मारणारे औषध टाळा. जिथे कीड आहे तिथेच मारा, मोकळ्या जमिनीवर आणि धुऱ्यावर पंप फिरवू नका. "जोडीला" मिळालेली बाटली दुकानातच परत करा.

उन्हाळ्यातली नांगरट बंद करा असे मी म्हणत नाही. तिने घाटेअळीचे कोष उघडे पडतात आणि ते हवेच आहे. पण वावर नांगरले तरी धुरा राहू द्या. धुऱ्यावरचे गवत पेटवून देण्याची आपली सवय वाईट आहे. काडी ओढायला दोन क्षण लागतात, आणि कोळ्यांची वस्ती पुन्हा बसायला हंगाम जातो. धुऱ्यावर दगडांचा एखादा ढीग, गवताचा एखादा पट्टा असू द्या. नांगरलेल्या वावरात कोळी तिथूनच परत येतो.

गावच्या कारभाऱ्यांना विनंती

आता दोन शब्द सरपंच, पोलीस पाटील, गुरुजन, कृषी केंद्र चालक आणि माझ्या खात्यातल्या सहकाऱ्यांसाठी.

माझे मत स्पष्ट आहे. फलकावर, पत्रकात, मोबाइलवरच्या संदेशात नुसता "कोळी" हा शब्द लिहिणे आपण बंद केले पाहिजे. किडीसाठी "लाल कोळी ही पानावरची कीड" असे पूर्ण लिहावे आणि उपयोगी जीवासाठी "शिकारी कोळी" म्हणावे. शब्द चार जास्त लागतील, खडू थोडा झिजेल. त्यासोबत पिकाचे नाव आणि कीड झाडाच्या कोणत्या भागावर आहे हेही लिहावे. कृषी केंद्र चालकांनी "कोळीवर औषध" मागणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : "पानावर की जमिनीवर?" जमिनीवर म्हणाला तर बाटली काढू नये. एका बाटलीचा नफा जाईल, पण गिऱ्हाइकाचा विश्वास राहील.

राज्यात २००९-१०च्या हंगामापासून क्रॉपसॅपखाली किडींचे सर्वेक्षण होते, गावोगाव शेतीशाळा भरतात. तिथे आम्ही किडी बारकाईने मोजतो. मित्रजीवांचा विषय आला की आमचा हात आखडतो, मीही त्याला अपवाद नव्हतो. किती चोर आले याची नोंद ठेवायची आणि किती राखणदार आहेत हे विचारायचेच नाही, असा हिशेब कुठल्या घरात चालतो? शाळेतल्या गुरुजींनी एका शनिवारी मुलांना वावरात नेऊन कोळी मोजायला लावले तर आमच्या दहा भाषणांचे काम होईल.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. त्या गावचा फलक पुसून नवा मजकूर लिहिला. लिहीत असताना काका मागे येऊन उभे राहिले. वाचून झाल्यावर म्हणाले, "साहेब, हे आधी लिहिलं असतं तं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. या फेब्रुवारीत हरभऱ्याची सोंगणी झाली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतले आणि कुटाराच्या गंजीजवळचा एक दगड उचलून दाखवला. खाली पांढऱ्या पिशवीत एक करडा कोळी बसला होता. काकांनी दगड होता तसा, हळूच, परत ठेवला.

तुम्हीही उद्या सकाळी एक ढेकूळ उचलून बघा. कोण राहतो ते पाहा, आणि ढेकूळ होते तसे ठेवून द्या.